चार वाजताचा उंचवटा

सिलिकॉनमध्ये लोखंडाची पूड कालवायची,
बुडबुडे ओढून घ्यायचे निर्वात भांड्यात,
मग साचा, मग रात्रभर दोन चुंबकांच्या मध्ये.
कण एकामागे एक उभे राहतात
रेशनच्या रांगेसारखे
आणि रांग तशीच थिजते.
सकाळी हातात येते करंगळीएवढी पट्टी,
करडी, कानाच्या पाळीसारखी मऊ.
चुंबक जवळ नेला की ताठरते,
दूर नेला की पुन्हा पाळी.

जवळजवळ.
तेवढं 'जवळजवळ' मोजण्यात
माझी साडेचार वर्षं गेली.

ऐरोलीत, कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, आमची लॅब.
खिडकीखाली खारफुटी, मग खाडी,
मग धुरकट मुलुंड.
खाडीची हवा सगळ्याला चाटून जाते,
स्क्रूंना, पिनांना, माझ्या घड्याळाच्या पट्ट्याला.
लोखंडाची पूड म्हणून पापडाच्या डब्यात.

सेन्सर भोळा.
त्याला एवढंच सांगितलंय, बदल झाला की कळव.
कुणी केला, हे विचारलेलं नाही.

आणि तो कळवायचा. रोज चारला.
आलेख सपाट, सपाट, सपाट,
मग उंबरठ्याएवढा उंचवटा,
तीन मिनिटांत पुन्हा खाली.
खांबेटे सर म्हणाले, लिफ्ट.
दोन दिवस लिफ्ट बंद ठेवली, प्राचार्यांची बोलणी खाल्ली.
मग एसीचा कॉम्प्रेसर. मग रबाळ्यातली शिफ्ट.
मग अर्थिंगचा खड्डा उकरून
नवं मीठ, नवा कोळसा.
शेवटी भरती-ओहोटीचं कोष्टक चिकटवलं भिंतीवर;
पण भरती रोज पाऊण तास उशिरा येते,
उंचवटा मात्र वक्तशीर.

एका बुधवारी मी पडद्याकडे पाठ करून बसले
आणि दाराकडे बघत राहिले.
चारला पदूकाका मढवी चहा घेऊन आले.
कमरेला तिन्ही मजल्यांच्या चाव्यांचा जुडगा,
पाव किलो तरी पोलाद.

"म्हंजे आमी भायेर गेलो
का तुजा कागद सपाट?"

हो, काका.

चाव्या दाराबाहेरच्या खिळ्यावर गेल्या.
आलेख इस्त्री केल्यासारखा.
पेपरात एक ओळ: बाह्य व्यत्यय दूर करण्यात आला.
चहाही बाहेरच थांबू लागला, स्टुलावर.
काका खोकून सांगायचे आणि जायचे.
मी उठेपर्यंत साय धरलेली असायची.

दिवाळीनंतर पुन्हा. चारलाच.
या वेळी लहान, टोकदार,
मध्येच शून्याच्या खाली बुडी मारणारा.
मी धावत बाहेर. चाव्या खिळ्यावर.
खिशात काय आहे, काका?

शर्टाच्या खिशातून निघाली
कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेली नऊ नंबरची पट्टी.
मार्चमध्ये मी कचऱ्यात टाकलेली,
एका अंगाला बुडबुडे राहून वाकडी झालेली,
माझ्या वहीत लाल शाईने 'निरुपयोगी'.
सोबत तुर्भ्याच्या भंगारातल्या स्पीकरचा चुंबक.

घणसोलीला नात. दीक्षिता, साडेपाच वर्षांची.
ताटाखालून चुंबक फिरवला
की पट्टी ताटात कंबर वर काढते, टेकवते,
पुन्हा वर काढते.
चालते.
नात तिला शितं भरवते,
आणि तिच्या नादात स्वतःही जेवते.

"सरल असती तं जागंवरच ऱ्हायली असती.
वाकडी हाय ना बाय, म्हून पुढं जाते."

मी चुंबक खालून फिरवून पाहिला, रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर.
बुडबुड्यांकडची बाजू आधी वाकते, दुसरी मागून,
म्हणून सरकते, एकाच दिशेला.
साडेचार वर्षांत माझी एकही पट्टी
कुठे गेली नव्हती.

ती मी परत मागितली नाही.
म्हणजे मागितली, पण दोन तासांपुरती,
काकांना आत बोलावून, चहासकट, चाव्यांसकट.
त्या दिवशीचा आलेख बघण्यासारखा आहे,
कुठल्याच पेपरात बसणार नाही.

वहीत लाल शाईखाली पेन्सिलीने लिहिलं:
नमुना नऊ. चालतो.
ठिकाण घणसोली, स्टीलचं ताट.
भातासकट मोजणे बाकी.