अकरावा आठवडा

तुझ्या गाडीचे चारही टायर आज बदलले.
फोनवर सांगत होते, पण तुझ्या बोटीवर
आवाज तुटत होता,
तू फक्त "किती झाले?" विचारलंस
आणि मी आकडा सांगितला.

बाकीचं असं.

गाडी नीरफणसाखाली असते, तुला ठाऊक आहे,
पुढचं तोंड मांडवीकडे.
सकाळी सावली, दुपारनंतर एका अंगाला ऊन,
आणि भरतीबरोबर येणारं ते खारं वारं
दिवसातून दोनदा तिला चाटून जातं.

मेरशीच्या नाक्यावर इनास मेस्तानं
गुडघ्यावर बसून बॅटरी मारली.
नक्षी जशीच्या तशी. नव्या रबराचे
बारीक केससुद्धा काही ठिकाणी शिल्लक.
मग अंगठ्यानं बगल दाबली
आणि ती उघडली,
वैशाखातल्या खाजनासारखी, भेगाच भेगा.

"बाय, हो धावून थकूंक ना," तो म्हणाला,
आणि मग माझ्यासाठी मराठीत,
"उभा राहून वाळला."

मी म्हटलं, मी तर यांना किती जपलं!
दर रविवारी रोहिदासकडून काळं पॉलिश,
बाटली तूच आणलेली, दुबईच्या विमानतळावरून.
मेस्त हसला नाही.
"असलं पॉलिश वर चकाकतं नि आत सुकवतं.
साधा साबण, पाणी. आणि रोज थोडं फिरवायचं.
रबर चाललं की त्याच्या पोटातलं मेण वर येतं,
तेच त्याचं छत्र."

पाच वर्षांत चौदा हजार किलोमीटर.
त्यातले दहा तुझ्या सुट्ट्यांचे,
बाकी सानिकाच्या शाळेचे,
आणि आईला रात्री बांबोळीला नेलं ते.

त्यानं बगलेवरचे चार आकडे दाखवले: ११, १९.
एकोणीस सालचा अकरावा आठवडा.
म्हणजे शिगम्याच्या तोंडावर.
तू घरी होतास तेव्हा, ढोल शिकत होतास,
हाताला फोड आलेले.
हे कुठे तरी कारखान्यातून बाहेर पडत होते.

नवे निवडायला तासभर लागला.
तुझा निरोप होता, रुंद घाल, देखणे दिसतात.
मेस्त म्हणाला, चाकाच्या कमानीला घासतील,
आणि पावसात रस्त्यावर तरंगतील.
तरंगणारं एक माणूस आहे आमच्या घरात,
मी म्हटलं नाही, पण मनात आलं.
दाराच्या कडेला चिकटवलेला कागद
मी पहिल्यांदाच वाचला:
एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा.
भाराचा आकडा अठ्ठ्याऐंशी,
"याच्या खाली उतरायचं नाही, वर चालेल."
एक जोडी बरीच स्वस्त होती, कोरी करकरीत.
त्यानंच उलटून तारीख दाखवली.
तीन पावसाळे गोदामात झोपलेली.
"नवी आहे, पण म्हातारी."
मी दोन महिन्यांपूर्वीचे घेतले. महाग पडले.
आकडा तू ऐकलाच आहेस.

जुने? ते तिथंच ठेवले.
बोटी लागतात त्या धक्क्यांना बांधायला
कोणी तरी नेतं म्हणाला, भेगा असल्या तरी.

परतताना फेरीत आपली गाडी शेवटून दुसरी.
चोडणचा धक्का जवळ आला
तसे लटकलेले टायर दबले, जरा पिळवटले,
आणि बोट लागली.
मी काच खाली करून बघत राहिले.
मागच्यानं हॉर्न दिला.

उद्यापासून सकाळी मयेच्या तळ्यापर्यंत
जाऊन येणार आहे. काम काही नाही.
पेट्रोल वाया, म्हणशील.

हवा तेहतीस ठेवली आहे.
तुझी तारीख कळव.