लाल नळाचं पाणी

आमच्याकडे, शारजाला,
मे महिन्यात गीझर बंद करतात,
गार पाण्यासाठी.

हे वाक्य मी अप्पांना
विमानतळावरून येताना टॅक्सीत सांगितलं,
मग लिफ्टमध्ये,
मग बाथरूमच्या दाराशी उभं राहून सविस्तर.
अप्पा हो हो म्हणाले.
पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेले सासरे,
त्यांना सून पाणी शिकवणार!
कडी लागली.
मग आतून, स्पष्ट आवाजात,
त्यांच्या आईचं नाव ऐकू आलं.

निळा नळ म्हणजे गच्चीवरची टाकी,
दिवसभर उन्हात शिजलेली.
लाल नळ म्हणजे बंद गीझरचं पोट,
छताआड, एसीच्या आडोशाला निवलेलं.
"म्हणजे लाल ते अंघोळीला,"
पंचा सावरत अप्पा म्हणाले,
"आणि निळं ते चहाला."
हो.
"हे सरकारला माहीत आहे का?"

मग त्यांनी बाकीचंही तपासायला घेतलं.
बाहेर सेहेचाळीस, म्हणून मॉलला जाताना स्वेटर.
घरात दुपारी तीनला पडदे ओढून दिवे.
रस्ता ओलांडायचा तरी गाडी.
नात लिफ्टपाशी "यल्ला, यल्ला" ओरडते.
"देवीचं नाव घ्यायचं तर पुरतं घे गं,"
अप्पा म्हणाले, "अर्ध्यावर सोडू नये."
मुकुंद हसला, आणि त्या दिवसापासून
आमच्या घरात कुणी घाईत असलं
की "यल्लम्मा!" अशी हाक पडते.

खालचा शमीर, ग्रोसरीचा, कासरगोडचा.
अप्पा त्याच्याशी फोनवर मराठीच बोलत,
फक्त जरा मोठ्याने.
तो मल्याळममध्ये हो म्हणे.
कोथिंबीर सांगितली की कढीपत्ता येई,
कढीपत्ता सांगितला की अंडी,
पण एका दिरहॅमच्या जिनसासाठी
माणूस सहा मजले वर येतो
याचंच अप्पांना इतकं अवघड वाटे
की अंडी ठेवून घेत,
आणि त्याला पेलाभर ताक देत.
एकदा नारळ आला, श्रीलंकेचा.
राजापूरच्या माणसाने विकतचा नारळ
कानाशी धरून हलवला, परत हलवला.
"वाईट नाही," म्हणाले,
व्याह्यांच्या घरची आमटी चाखून म्हणतात
तसं.

जुलैत व्हिसा संपला.
जायच्या आदल्या रात्री
माझ्या दवाखान्यातली चिकटपट्टी मागून घेतली
(दातांच्या डॉक्टरकडे नोकरी केल्याचा
घराला झालेला हा पहिला उपयोग, असंही म्हणाले),
आणि लाल नळावर लावून
नकाशावर लिहायचे त्या अक्षरात लिहिलं:
थंड.
खाली रेघ. तारीख. सही.
पुढच्या माणसाची फसगत नको.

आता ते फोन करतात, रविवारी.
पाऊस, पायरीवरचं शेवाळ, दामल्यांची म्हैस,
आणि मग थोडं थांबून:
"इथे निळा नळ सोडला की गारच येतं गं.
काही विचारच करावा लागत नाही."
तक्रार होती की काय, मला कळलं नाही.

नोव्हेंबरात आम्ही गीझर लावला.
तेव्हापासून लाल नळ पुन्हा लाल नळ आहे.
परवा मुकुंदच्या ऑफिसातले सुखटणकर जेवायला आले,
हात धुवायला आत गेले,
पट्टी वाचली, विश्वास ठेवला,
आणि त्यांनीही त्यांच्या आईला बोलावलं.

मी बर्नॉल आणून दिलं. माफी मागितली.
पट्टीचं एक टोक सुटलं होतं,
ते अंगठ्याने
नीट दाबून बसवलं.