दारापेक्षा रुंद

नोटीस घेऊन आलेल्या माणसाच्या कोटाची चेन अडकली होती.
बाहेर उणे एकतीस.
ओरिसियाबाईंनी आधी चेन पाहिली, मग कागद.
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
पकडीने दोन दात सरळ केले, मेण फिरवलं,
वर-खाली, वर-खाली,
आणि म्हणाल्या, बारा डॉलर.
त्याने दिले. पावती मागून घेतली.

साठ दिवस.
इमारत विकली गेलीय, तळघरापासून धुराड्यापर्यंत,
बाजूच्या भिंतीवरच्या पिठाच्या पुसट जाहिरातीसकट.
इथे काय उभं राहणार ते कागदात नाही.
शेजारचा चावीवाला टेकले म्हणतो, पार्किंग,
दुसरं काय सुचतं यांना.

अकरा वर्षं मी इथे काजं करतोय.
इलोइलोहून विनिपेगला उतरलो
तेव्हा मला ना इंग्रजी येत होतं ना थंडी.
बाईंनी खणांवरून शिकवलं.
प्रत्येक खणाच्या तोंडाशी आतलंच एक बटण तारेने बांधलेलं:
शिंपला. हाड. शिंग. रेल्वेच्या गणवेशाचं पितळ.
एका खणावर मात्र नुसतीच तार.
त्यातली बटणं कधीची संपलीत,
पण संपली म्हणायचं नाही,
विचारलं कुणी तर सांगायचं, यायचीत.

रविवारी आम्ही जागा बघत फिरतो.
सेलकर्क अ‍ॅव्हेन्यूवर मासळीचं जुनं दुकान.
भिंती तीनदा धुतल्या, मालक म्हणाला.
भिंतींच्या ते लक्षात नव्हतं.
मॉलमध्ये कपाटाएवढा गाळा.
भाडं ऐकून बाई एवढंच म्हणाल्या, महिन्याचं?
फादर मेथोडी चर्चचं तळघर फुकट द्यायला तयार,
पण चौदा पायऱ्या,
आणि आमची निम्मी गिऱ्हाइकं काठीवर.
गळ्यातली टेप काढून बाई कुठेच खोली मोजत नाहीत.
दार मोजतात.

कारण ते काउंटर.
ओकचं, काटकोनात वळलेलं, कडेला पितळी गज ठोकलेला,
कोपरं टेकून टेकून मध्ये जरा खोलगट झालेलं.
बाईंच्या सासऱ्यांनी दुकानाच्या आतच बांधलं.
बांधताना कोण विचार करतं बाहेर न्यायचा?
सुतार आला, पेन्सिलीने मधोमध रेघ मारली.
बाईंनी थुंकी लावून अंगठ्याने ती पुसली.
कापड असं कापतात का, म्हणाल्या,
वळणावर जोड आहे, तिथे उसव.
तो बराच वेळ वाकून जोड शोधत राहिला.
बाईंनी डोळे मिटून बोट ठेवलं.

काचेवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय:
आम्ही जातोय. नवा पत्ता ठरला की इथेच लावू.
मी म्हटलं, बाई, इथे म्हणजे कुठे?
काच तरी राहणार आहे का?
त्यांनी कागद काढला, उलटा केला,
आणि तेच शब्द पुन्हा लिहिले,
जरा मोठे.

मागे दांडीवर एकोणीस कोट लटकतायत,
दुरुस्त झालेले, न नेलेले.
चिठ्ठ्यांवरचे नंबर मी रोज संध्याकाळी फिरवतो.
बहुतेक लागत नाहीत.
एका नंबरावर कुणी मुलगा म्हणाला, कोट? कसला कोट?
काल एक म्हातारी बोलली.
करड्या लोकरीचा ना, अस्तर फाटलेला? माझ्या भावाचा.
अस्तर नवीन घातलंय, मी म्हटलं.
कधी?
चिठ्ठीवरचं साल मी वाचलं, सांगितलं नाही.
ती थांबली. तुम्ही आहात अजून?
आहोत.
मग कुठे येऊ घ्यायला?

बाई पलीकडे खण उपसत होत्या,
त्या बिनबटणाच्या खणालाही वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.
मी कानामागची पेन्सिल काढली,
नोटिशीचा कागद पालथा घातला,
आणि म्हातारीला म्हटलं,
तुमचा पत्ता सांगा.