रकाना सातवा

रेजायनामध्ये फेब्रुवारी म्हणजे उणे चौतीस,
आणि विधिमंडळाच्या तळघरात माझ्या टेबलाखालचा हीटर,
ज्याला एका वेळी एकच पाय तापवता येतो.
सव्वीस वर्षं ही वही माझ्याकडे आहे.
वस्तू. तारीख. देणारा. घेणारा. किंमत.
सहावा रकाना: ठेवली, परत केली की सरकारजमा.
सातवा: देणाऱ्याची अपेक्षा, असल्यास.

सातव्यात सगळे लिहितात, नाही.
काही जण नुसती रेघ मारतात.

आज दोन नोंदी, दोन्ही लिंडन फ्रीसेन यांच्या.
पहिल्यांदाच निवडून आलेत,
जिन्यात अजून मला आधी जाऊ देतात.

एक: जूनमध्ये उत्तरेच्या तळ्यावर तीन दिवस मासेमारी.
विमान पोटॅश कंपनीचं, लाकडी घर पोटॅश कंपनीचं.
सोबतच्या पत्रात हिशेब आधीच फोडून दिलेला:
विमान वेगळं, खोली वेगळी, गळ मुलाच्या नावे,
जेवण सर्वांसाठी, म्हणजे कुणासाठीच नाही.
प्रत्येक तुकडा मर्यादेच्या चार डॉलर खाली,
मुरलेल्या खाटकानं काट्याकडे न बघता तोडावा तसा.
अपेक्षा: नाही. टाइप केलेलं.

दोन: लोकरीचे हातमोजे, राखाडी,
अंगठ्याशी लाल टाका,
एक दुसऱ्याहून बोटभर लांब.
पाठवणार टेक्ला हावरिश, वय एक्क्याऐंशी.
फॉर्म तिनं पत्र लिहून मागवला होता,
सगळे रकाने शिसपेन्सिलीनं, दाबून भरलेले.
किंमत: लोकर घरची. मेंढी आता नाही.
अपेक्षा:
*आमच्या गावचा दवाखाना बंद करू नका.*
*पुढची नर्स एकशे दहा किलोमीटरवर,*
*आणि मला रात्री रस्ता दिसत नाही.*
*हे देते आहे ते त्यासाठीच.*

कलम चौदा मला पाठ आहे, तरी पुस्तक काढलं.
मर्यादेखाली आणि अपेक्षा नाही, तर ठेवावी.
अपेक्षा लिहिलेली असेल, तर किंमत काहीही असो, परत.

म्हणजे मासे राहणार. हातमोजे जाणार.

फ्रीसेन खाली आले ते हातमोजे घालूनच.
मी सांगितलं तसे काढून टेबलावर ठेवले,
उताणे, कुणी काही मागत असल्यासारखे.
"मग जूनमध्ये मी जाऊ शकतो?"
नियमानं, होय.
"त्यांना खरंच काही नको आहे?"
ते मागणार नाहीत, मी म्हटलं.
वेळ आली की तुम्हालाच आठवेल.

मिंधेपणाला या वहीत रकाना नाही.
मी कधी सुचवलाही नाही;
त्याची किंमत कोणत्या दिवसाच्या दरानं लावायची?

त्यांनी पेन्सिल मागितली.
मासेमारीच्या ओळीत, सातव्या रकान्यात,
टाइप केलेल्या "नाही"वर टोक टेकवलं
आणि टेकवूनच बराच वेळ उभे राहिले.
मग पेन्सिल परत देऊन वर गेले.
तिथे आता एक ठिपका आहे.
ठिपक्याचा अर्थ काय धरावा, कलमात नाही.

संध्याकाळी मी पार्सल बांधलं.
एका हातमोज्यात अजून थोडी ऊब होती, की हीटरचीच, कोण जाणे.
छापील पत्र घातलं: आपल्या सदिच्छेबद्दल आभार.
टपालखर्च सोळा डॉलर वीस सेंट.
किंमतीच्या रकान्यात टेक्लानं आकडा दिला नव्हता,
रिकामा ठेवता येत नाही,
म्हणून शेवटी तोच लिहिला.