आधी खिडकी

"मागच्या वेळी त्रास झाला का?"
तेंडोलकर डॉक्टरांनी विचारलं.
"थोडासा," मी म्हटलं.
बाळंतपणात होतो, चटका बसल्यावर होतो,
सासरी पहिल्या वर्षी होतो
तो थोडासा.

ऋजुताने माझ्या पिशवीतून उधारीची वही काढली.
मागच्या पानावर सुनेने रेघा मारून ठेवलेल्या,
चार उभ्या, पाचवी आडवी,
आम्ही पोती मोजतो तशा.
मंगळवारी अकरा.
बुधवारी नऊ, पुढे "नुसते उमासे".
गुरुवारचं पान कोरं.
गुरुवारी मी मोरीत नळ सोडून बसले होते,
बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

डॉक्टरांनी बोट ठेवून एकेक रेघ मोजली.
मला वाटलं, आता म्हणतील, झेपत नाही, बंद करू.
त्यासाठीच तर लपवलं होतं.
त्या म्हणाल्या, "आणि गोळ्या?"
"घेतल्या ना. उलटी झाली की लगेच."
"मग?"
"मग तीही पडायची."

चोवीस वर्षं लालबागला मसाला विकते मी.
नाकावर घर चाललं.
धणे यंदाचे की गेल्या सालचे,
दगडफुलात माती किती,
डोळे मिटून सांगेन.
आता दीर डंकावरून आला
की मी दुसऱ्या खोलीत जाते,
आणि तो बिचारा शर्ट बदलून येतो, काही न बोलता.

एक गोष्ट विचारायची लाज वाटत होती.
परवा परळच्या सिग्नलला टॅक्सी थांबली,
हॉस्पिटल अजून दिसतही नव्हतं,
आणि पोटात ढवळलं.
सुई टोचायच्या आधीच कशी येईल उलटी?
नाटक समजतील.
विचारलं.

"येते," त्या म्हणाल्या.
"नाक शिकतं तसं डोकंही शिकतं.
त्याला तो रस्ता पाठ झालाय."

मग कागदाच्या पाठीवर त्यांनी घड्याळ काढलं.
सलाईनच्या आधी ही.
दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी ही,
मळमळ असो नसो.
आणि त्या सिग्नलसाठी
आदल्या रात्री ही छोटी.
"तिची वाट बघायची नाही.
तिच्या आधी आपण पोचायचं."

"म्हणजे मिरची भाजताना," मी म्हटलं,
"आधी खिडकी उघडायची.
ठसका लागल्यावर उघडून काय?"

त्या हसल्या. माझ्या थोरलीच्या वयाची पोर.
"हे पुढच्या बाईंना सांगू?"
"सांगा. दुकानाचं नाव तेवढं नको.
गिऱ्हाईक म्हणेल, हिलाच मसाला सोसत नाही."

उठता उठता विचारलं,
वास पूर्वीसारखा गोड लागेल का परत?
"बहुतेक," त्या म्हणाल्या. "कधी, ते नाही सांगता येत."
खोटं बोलल्या असत्या तर मला कळलं असतं.
भेसळ कळते.

सोमवारी रात्री छोटी गोळी घेतली.
खिडकी उघडली.
समोरच्या चाळीत कुणीतरी सुकं खोबरं भाजत होतं.
लावून घेतली.
थोड्या वेळाने पुन्हा,
बोटभर,
उघडली.