गळती

ऑर्विल मिनेझिसचा सॅक्सोफोन
अजून माझ्या दुकानात खिळ्याला आहे.
पावती एकोणनव्वदची. रक्कम कोरी.

पहिल्यांदा आला तेव्हा
ताडदेवच्या स्टुडिओतून काढलं होतं त्याला.
नायिका रडायची थांबली, चाळीस व्हायोलिनं थांबली,
हा थांबला नाही.

म्हटलं, खालच्या पॅडमधून हवा गळतेय, कातडं बदलतो.
म्हणाला, "सगळं बदल भिकाजी, तेवढं सोड.
तिथूनच तर मी आत शिरतो."

चर्चगेटच्या हॉटेलात एका रात्रीत
त्यानं अकरा टेबलं रिकामी केली.
मॅनेजरनं मोजली, पगारातून कापली.
मग दारूखान्यात, जहाजं फोडतात तिथं,
घण पडला की हा उत्तर द्यायचा,
घण थांबला की विचारायचा.
कामगार हसायचे. एक म्हातारा मात्र
डबा अर्धा ठेवून ऐकायचा.

एक रेकॉर्ड निघाली, जर्मनीत, तीनशे प्रती,
कव्हरवर आडनाव चुकलेलं.
फिलोमिना म्हणे, "ह्यात माझा दमा आहे,
चोरलाय मेल्यानं."
खरंच होता.

मी बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करणारा माणूस.
सूर लागला की नाही, एवढं कळतं.
त्याचा लागायचा नाही. म्हणजे,
लागल्यावर तो तिथं राहायचा नाही.

काल एक पोरगा आला. किंमत विचारली,
फुंकून पाहिलं. "काका, लीक आहे."
म्हटलं, आहे.
तो पुन्हा फुंकू लागला.
मी शटर अर्धं ओढून घेतलं.