छाट

शिबिराला आलेली बाई म्हणाली,
हात जिथं आहे तिथंच मन ठेवा.
आम्ही चाळीस जणी सतरंजीवर,
सुपं घरी ठेवून आलेल्या,
म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडालेल्या.
पोशव्वा माझ्या कानात कुजबुजली,
माझा हात तंबाखूत. मन तिथं ठेवलं
तर शिंकून शिंकून मरेल की गं ते.
हसलो. मग डोळे मिटा म्हणाली, मिटले.
मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मात्र करून बघितलं.
रात्रभर भिजलेलं पान घेतलं,
फर्मा ठेवला, कात्री फिरवली,
चिमूट पसरली, अंगठा लावला
आणि बघत राहिले,
हा अंगठा. ही पानाची शीर. ही गुंडाळी.
अंगठा बुजला.
नव्या सुनेकडं सगळं घर बघत बसावं
आणि तिच्या हातचं पीठ सैल व्हावं, तसा.
तोंड दुमडेना, दोरा सुटायला लागला.
हजारात पंधरा-वीस छाट निघते माझी,
त्या दिवशी सत्तर निघाली.
चेकर गोवर्धन म्हणाला, अक्का, बरं नाही का?
त्याला काय सांगू,
आज मी कामावर हजर होते म्हणून?

एकतीस वर्षं हात वळत राहिले.
मी नव्हतेच.
मी रेशनच्या रांगेत होते,
करीमनगरला, भावाच्या मांडवात होते,
बंद पडलेल्या गिरणीच्या दारात
नवऱ्याचा डबा घेऊन उभी होते,
जाऊबाईला तेव्हा न दिलेलं उत्तर
रोज नव्यानं, जास्त चांगलं करून देत होते.
थोरला रांगत सुपाशी आला
ते मला पोशव्वानं सांगितलं.
मी त्याला उचललं, कडेला ठेवलं,
कट्टा मोजायला घेतला. पंचवीस.

मग परवा, पाचव्या दिवशी, रात्री पावणेदोनला
गल्लीत कुणीतरी ओरडलं, नीळ्ळु वच्चिनय!
विडी घरकुलात दिवे लागायचे तेवढ्यात
लाइट गेली.
मे महिना. फरशी अजून कोमट,
भिंती दिवसभराचं ऊन परत देत असलेल्या.
सुवर्णा लेकराला घेऊन गच्चीवर निजलेली,
उठवलं नाही.
पाइप चाचपून पहिल्या हंड्यात सोडला.

दिसत काहीच नव्हतं.
म्हणून ऐकलं.
आधी तळाला ढबढब, जाड,
रिकाम्या घरात कुणी चालल्यासारखं.
मग आवाज चढतो. बारीक होत जातो.
स्टीलचा हंडा घाईनं चढतो,
प्लॅस्टिकची बादली घोगरी, शेवटपर्यंत सांगत नाही,
आणि आईची पितळी घागर,
तिचा आवाज गळ्याशी येतो
आणि तिथं एक क्षण अडतो,
रडू आवरणाऱ्या माणसासारखा.
तेव्हाच पाइप काढायचा.
काढला. थेंब सांडला नाही.
इतकी वर्षं भरतेय ही घागर,
तिला गळा आहे हे मला माहीत नव्हतं.

सहा भांडी अशी भरली.
मोजत नव्हते, नंतर मोजली.
सातवा पिंप. तो भरायला वेळ लागतो
आणि वेळ मिळाला की मी निघते.
सिलिंडरचे पैसे. लावण्याच्या शाळेचा बूट.
गुडघा. पुन्हा जाऊबाई.
तिला अगदी ठेवणीतलं उत्तर देत होते
तर पावलाला गार लागलं.
पिंप वाहत होता,
पाचव्या दिवसाचं पाणी पायरीवरून खाली,
आणि मी त्यात उभी,
घोट्यापर्यंत सोलापुरात.

नळ बंद केला नाही लगेच.
ही चूक आहे, ठाऊक आहे.

सकाळी सुवर्णा म्हणाली, जिन्यात चिखल कुणी केला?
मी, म्हटलं.
झोपेत होता का अत्ता?
नाही गं, म्हटलं. तेवढा वेळ नव्हते.
मग सूप मांडीवर घेतलं.
हातांना म्हटलं, तुम्ही चालू द्या.